बोलता न येणाऱ्याचे दुखणे

“बाई, एवढ्याशा जिवाले सुई कळते का?” काटोलकडच्या एका आजीने मला विचारले होते. नागपूरच्या एका रुग्णालयात मी तेव्हा नवीनच परिचारिका म्हणून लागले होते आणि सातव्या महिन्यात जन्मलेल्या तिच्या नातवाच्या टाचेतून रक्त काढत होते. “नाही आजी, त्याला काही कळत नाही,” असे मी ठामपणे सांगितले. आम्हाला तसेच शिकवले होते. माझे उत्तर चुकीचे होते.

त्या काळी जगभर हाच समज होता. कित्येक ठिकाणी नवजात बाळांच्या शस्त्रक्रियासुद्धा पुरेशा वेदनाशामक औषधाविना होत. हा समज मोडण्यात इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. कंवलजित आनंद यांचा मोठा वाटा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक दिले, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या शरीरावरील ताण कमी राहतो व गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी १९८७ साली ऑक्सफर्डमधील अभ्यासातून दाखवले. वेदना आवरणारी शरीराची यंत्रणा या बाळांत कच्ची असते. म्हणून त्यांना दुखते ते मोठ्यांपेक्षा कमी नव्हे, जास्तच.

मग ते ओळखायचे कसे? केवळ रडण्यावर विसंबू नये. फार लवकर जन्मलेले बाळ थकून गप्प पडते. गप्प म्हणजे सुखी नव्हे. कपाळावरची आठी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठांपर्यंत उमटलेली घडी, वाढलेले हृदयाचे ठोके, रक्तातील घटलेला प्राणवायू, ही त्याची भाषा. या खुणांना गुण देण्याची पद्धत कॅनडातील परिचारिका बॉनी स्टीव्हन्स व सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली.

डॉक्टर फेरीला येतात आणि जातात. पेटीजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. गरज नसलेली सुई टाळणे, हा तिचा पहिला उपाय. टोचण्याआधी बाळाचे हातपाय अलगद दुमडून धरावेत. शक्य असेल तर आईच्या उघड्या छातीशी त्याला ठेवावे, अंगावर पाजावे. ते जमत नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून साखरेच्या द्रावणाचे मोजके थेंब दोनएक मिनिटे आधी जिभेवर देता येतात. (घरी मात्र साखरपाणी, मध वा बाळगुटी मुळीच देऊ नये.) शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या वेदनेला हे पुरत नाही. तेथे औषधच हवे, आणि त्याची आठवण डॉक्टरांना करून देणे हेही परिचारिकेचेच काम.

माझे मत स्पष्ट आहे. ताप, नाडी, श्वास यांच्याबरोबर वेदनेचाही रकाना प्रत्येक बाळाच्या तक्त्यावर हवा आणि त्यातील परिचारिकेच्या नोंदीला मान हवा. पण एकाच सिस्टरकडे डझनभर बाळे सोपवली, तर कपाळावरची आठी पाहायला तिला सवड कोठून मिळणार? मेडिकल, मेयो आणि डागा रुग्णालयांत साऱ्या विदर्भातून बाळंतिणी येतात. तेव्हा परिचारिकांची पुरेशी संख्या ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

वाचकहो, तुमच्या घरचे बाळ काचेच्या पेटीत असेल तर संकोच न करता विचारा, “सिस्टर, याला दुखू नये म्हणून काय करता? आईला जवळ घेता येईल का?” त्या आजीनेही तेच विचारले होते. तिचा प्रश्न बरोबर होता.