पक्षाघातानंतर स्नायूंत होणाऱ्या अस्थिसंचयाच्या निदान-नोंदीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
ठाणे.

विषय : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मज्जारज्जूच्या इजेने पंगू झालेल्या रुग्णांच्या स्नायूंत होणारा चुन्याचा व हाडाचा संचय स्वतंत्र निदान म्हणून सांकेतांकासह नोंदविण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या व अंगठे करणारे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पक्षाघातग्रस्त रहिवासी, आमचे कुटुंबीय आणि आमची शुश्रूषा करणारे शेजारी, हे निवेदन आपल्या विचारार्थ सविनय सादर करीत आहोत. कोणा एका रुग्णालयाविरुद्ध वा अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार गुदरण्याचा आमचा हेतू नाही. ज्या विकाराला वैद्यकशास्त्राने नाव व क्रमांक दोन्ही दिलेले आहेत, तो सरकारी दप्तरात त्याच नावाने व त्याच क्रमांकाने दाखल व्हावा, ही आमची मूळ मागणी असून पुढील साऱ्या मागण्या तिच्यातूनच निष्पन्न होतात.

या डोंगराळ मुलखात राबासाठी झाडावर चढून कवळ तोडताना, विहिरीचे काम करताना, बांधकामाच्या परांचीवरून पडून, किंवा मुंबई–नाशिक महामार्गावरील व माळशेज घाटातील अपघातांत ज्यांच्या पाठीच्या कण्यास जबर इजा होते, त्यांपैकी पुष्कळांचे कमरेखालील अंग लुळे पडते, हे आपणांस विदित आहेच. इजेनंतर साधारणतः एक ते चार महिन्यांच्या अवधीत अशा काही रुग्णांच्या बहुधा खुब्याजवळ, आणि त्याखालोखाल गुडघ्याजवळ, सूज येते, जागा गरम लागते, अंगात कसर राहते, परंतु संवेदनाच हरपलेली असल्याने वेदनेची सूचना पुष्कळदा मिळत नाही. आणि पुढे त्या मांसल भागात खरेखुरे हाड तयार होऊन सांधा जखडतो. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांतील हा प्रकार फ्रान्समध्ये देजरीन व सेलिये यांनी १९१८ साली वर्णिला. म्हणजे शास्त्राचा त्याच्याशी परिचय शतकाहून जुना आहे.

प्रारंभी ही सूज गळवासारखी किंवा शिरेत धरलेल्या रक्ताच्या गुठळीसारखी दिसते, आणि पहिल्या काही आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात हाड उमटतही नाही. त्यामुळे केसपेपरवर ‘सूज’, ‘गाठ’, ‘सांधा आखडला’ असा मोघम शेरा पडतो, आणि पुढच्या वेळी पाहणारा डॉक्टर त्याच शेऱ्यावरून चालतो. इकडे घरी, वारे गेलेले अंग मोकळे व्हावे या भाबड्या आशेने, जोरकस मालिश होते व सांधा ओढूनताणून वाकविला जातो, ज्याने अपाय वाढण्याचाच संभव अधिक. खुबा सरळ स्थितीत जखडला तर माणसास चाकाच्या खुर्चीत वा एसटीत बसता येत नाही. वाकलेल्या स्थितीत जखडला तर पालथे निजता येत नाही. आणि दोन्ही परींनी शरीराचा भार एकाच जागी पडून शय्याव्रण होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एम ६१ हा गट स्नायूंतील चुन्याच्या व हाडाच्या संचयाचा असून, त्यातील एम ६१.२ हा सांकेतांक पक्षाघातजन्य संचयासाठी राखलेला आहे. मार लागून होणारा एम ६१.०, भाजल्यामुळे होणारा एम ६१.३ व अनिर्दिष्ट एम ६१.९ हे त्याहून भिन्न होत. पाचवा अंक जोडला की स्थानही कळते, जसे श्रोणी व मांडीसाठी एम ६१.२५. त्याच्या जोडीस कमरेखालील पक्षाघाताचा जी ८२, आणि झाडावरून पडला असल्यास डब्ल्यू १४ किंवा विहिरीत पडला असल्यास डब्ल्यू १७, असे तीन सांकेतांक एका कागदावर आले, तर रुग्णाची संपूर्ण कैफियत दप्तरी राहील आणि तालुक्यात असे रुग्ण किती याची वर्षअखेर गणती करता येईल. मोघम शेऱ्यांतून ही संख्या निघणे शक्य नाही, आणि संख्येवाचून भौतिकोपचारतज्ज्ञाच्या पदाची मागणी कोणत्या आधारावर करावी?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ ने, विशेषतः ग्रामीण भागात, निवासाच्या जवळपास आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मुरबाडला रेल्वे नाही. ज्याचा खुबा जखडला आहे अशा माणसास कल्याणपर्यंत, आणि तेथून हाजी अली येथील पुनर्वसन संस्थेपर्यंत नेणे म्हणजे घरातील दोघांची मजुरी व भाड्याच्या गाडीचा खर्च, आणि तेथे पोहोचल्यावर कागदावर निदानच नसेल तर साऱ्या तपासण्या आरंभापासून.

सबब आमच्या मागण्या येणेप्रमाणे :

१. दोन्ही तालुक्यांतील सर्व सरकारी रुग्णालयांत मज्जारज्जूच्या इजेच्या रुग्णाच्या केसपेपरवर व डिस्चार्ज कार्डावर उपरोक्त सांकेतांक लिहिणे आवश्यक करावे. निदान अनिश्चित असल्यास ‘संशयित’ असे लिहून फेरतपासणीची तारीख मुकर्रर करावी.

२. इजेनंतरचे पहिले सहा महिने खुबे व गुडघे यांची नियमित तपासणी व्हावी. सूज आढळल्यास रक्ताची गुठळी नसल्याची खात्री करून, पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष आले तरी काही आठवड्यांनी ते पुन्हा काढावे.

३. सांधा कितपत व कसा हलवावा आणि कोणते मालिश टाळावे, याची मराठी सूचनापत्रिका रुग्णास व आशा स्वयंसेविकांस द्यावी.

४. शहापूर व मुरबाड येथे भौतिकोपचारतज्ज्ञाच्या उपस्थितीचा वार ठरवून जाहीर करावा.

५. दिव्यांगत्वाचे मोजमाप करताना स्नायूंच्या बळाबरोबर जखडलेल्या सांध्याच्या हालचालीचीही नोंद घ्यावी, आणि ज्यांना बसता येत नाही त्यांची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी करावी.

६. शस्त्रक्रियेसाठी वरिष्ठ रुग्णालयात पाठविताना सांकेतांकासह संदर्भपत्र व निजून नेता येईल अशा रुग्णवाहिकेची तजवीज व्हावी.

यांपैकी पहिल्या मागणीस नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही, पदही लागत नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेसे आहे. ते तीस दिवसांच्या आत निघावे, आणि उर्वरित मागण्यांवर काय निर्णय झाला हे कारणांसह लेखी कळवावे, अशी विनंती आहे.

आपले नम्र,
शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पक्षाघातग्रस्त व त्यांचे कुटुंबीय
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

स्थळ : शहापूर

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे
मा. तहसीलदार, शहापूर व मुरबाड