सिव्हिल झाले, पण जेईच्या जाहिरातीची वाट किती वर्षे पाहायची?

मृद व जलसंधारण विभागाच्या ६७० जलसंधारण अधिकारी (स्थापत्य) पदांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये परीक्षा झाली. अमरावतीच्या केंद्रावर गैरप्रकार उघड झाला, परीक्षा रद्द झाली आणि जुलैमध्ये पुन्हा घ्यावी लागली. पुण्यात स्वतःचे घर असलेल्या मुलासाठी हा थोडा उशीर. धाराशिव जिल्ह्यातील शेतमजुराच्या मुलासाठी मात्र तेच पाच महिन्यांचे खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेची फी.

वस्त्यांमध्ये काम करताना हे चित्र वारंवार दिसते. दहावीनंतर पॉलिटेक्निक, सिव्हिलची पदविका, मग थेट पुण्याला जेईची तयारी. तीन-चार वर्षे जातात. पद मिळाले नाही तर हातात साइटचा अनुभव नसतो आणि घरावर उसनवारी असते. मुले कष्टात कमी पडत नाहीत. सगळ्यांना एकच दार दाखवले गेले आहे.

हिशोब करून पाहा. सार्वजनिक बांधकाम विभागाने २०२३ मध्ये कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) या ५३२ पदांची जाहिरात काढली. त्यात वरची ६७० मिळवली तरी १,२०२ होतात. अनुसूचित जातींचे १३ टक्के आरक्षण धरले तर साधारण दीडशे जागा, त्याही संपूर्ण राज्यासाठी. तयारी जरूर करावी, पण तेवढ्यावरच आयुष्य टांगून ठेवू नये.

पहिली दोन वर्षे साइटवर काढा. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम आपल्याच जिल्ह्यात सुरू आहे. कंत्राटदाराकडे सुरुवातीचा पगार कमी असतो, हे खरे. पण लेव्हल घेणे, सळईचे वेळापत्रक तपासणे, मोजमाप पुस्तिका लिहिणे, बिल काढणे हे साइटवरच शिकायला मिळते. नेमणूकपत्र, पीएफ आणि अनुभवाचा दाखला मात्र मागून घ्या. तोंडी शब्दावर राबू नका.

पुढे शिकायचे असेल तर पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पदवीनंतर ‘गेट’ द्या. तिचा गुणांक तीन वर्षे चालतो आणि त्यावर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. विषय निवडताना आपला जिल्हा डोळ्यांपुढे ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमध्ये हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गाडली गेली. भूकंपरोधक बांधकाम इथे पुस्तकी विषय नाही. पाण्याचेही तसेच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे जलसंपत्तीचा अभ्यासक रिकामा बसू नये.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष नको. १९९० पासून बौद्ध धर्मीय अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती आहेत, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते. ते आणि जात वैधता प्रमाणपत्र वेळेआधी काढून ठेवा. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना पाहा. परदेशी उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या दरवर्षी ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. आपल्या जिल्ह्यातून किती अर्ज जातात, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी सिंचन आणि विजेचे धोरण आखले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या जलमार्ग आयोगातूनच आजचा केंद्रीय जल आयोग उभा राहिला. धरण, कालवा, वीज हे विषय त्यांनी समाजाच्या मुक्तीपासून वेगळे मानले नाहीत.

म्हणून एक साधी सूचना. रविवारी विहारातील वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. नोकरीत असलेल्या इंजिनिअरने आपली पगाराची चिठ्ठी, आपल्या चुका आणि आपला मार्ग मुलामुलींना सांगावा. पालकांनीही ऐकावे. विशेषतः मुलीला साइटवर पाठवायला घाबरणाऱ्या पालकांनी.