जिगरमधला खडा: ऑपरेशनआधी हे विचारा



‘सोनोग्राफीत खडा निघाला, ऑपरेशन सांगितलंय,’ हे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या घरांत नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा खडा पित्ताशयात असतो. दुर्बिणीने पित्ताशय काढले की माणूस लवकर घरी येतो. म्हणून खडे यकृताच्या, म्हणजे जिगरच्या, आतल्या पित्तनलिकांत निघाले तरी आपण तेवढेच सोपे समजतो. त्यात पोर्टल नसेतला दाब वाढलेला असेल, तर मामला वेगळा असतो.

पोर्टल नस आतडी आणि तिल्लीकडचे रक्त जिगरकडे नेते. खड्याने पित्तनलिका तुंबली की पित्त साचते, त्यात जंतू वाढतात. हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कावीळ ही त्याची खूण. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर जिगर कडक होते, रक्ताची वाट अडते आणि दाब वाढतो. तिल्ली मोठी होते, प्लेटलेट घटतात, अन्ननलिकेतल्या नसा फुगतात.

आपल्या देशात उलटा क्रमही दिसतो. काहींची पोर्टल नस लहानपणीच गुठळीने बंद होते. रक्त आजूबाजूच्या बारीक नसांतून वाट काढते. त्या फुगलेल्या नसांचे जाळे पित्तनलिकेला आवळते आणि तिथे खडे धरतात.

खडा काढायचा तर सर्जनला याच नसांमधून जावे लागते. तिथे रक्तस्राव सुरू झाला तर थांबवणे अवघड. म्हणून इथे ‘कोणते ऑपरेशन’ याइतकाच ‘आधी काय, नंतर काय’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी जंतुसंसर्ग आवरतात. अँटिबायोटिक देतात आणि तोंडावाटे दुर्बीण घालून (ईआरसीपी) किंवा कातडीतून बारीक नळी टाकून तुंबलेले पित्त बाहेर काढतात. अन्ननलिकेतल्या नसा फुगल्या असतील तर दुर्बिणीने त्यांना रबरी बँड लावतात.

मग दाबाचा विचार. पोर्टल नस बंद आहे पण जिगर चांगले आहे, अशा रुग्णात बहुधा शंट करतात: तिल्ली काढून तिची नस डाव्या मूत्रपिंडाच्या नसेला जोडतात. दाब उतरतो, जाळे आक्रसते. काहींचा पित्ताचा त्रास एवढ्यानेच कमी होतो. नाही झाला तर काही महिन्यांनी खडे काढून पित्तनलिका आतड्याला जोडतात. खडे जिगरच्या एकाच भागात असतील आणि बाकीचे जिगर सक्षम असेल, तर तेवढा भाग काढता येतो. जिगर पूर्ण निकामी झाले असेल तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. अवयवदानाविषयी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1988 मध्ये काही अटींसह त्याला परवानगी दिली आहे. आलिमांमध्ये वेगळी मतेही आहेत.

तिल्ली काढलेल्या माणसाला न्यूमोनियाविरोधी व इतर लसी लागतात. त्याचा साधा तापही अंगावर काढू नये.

रिपोर्टमध्ये ‘प्लीहा वाढलेली’ किंवा ‘प्लेटलेट कमी’ असे लिहिले असेल तर होकार देण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. पोर्टल नसेची डॉप्लर तपासणी झाली का? अन्ननलिकेतल्या नसा पाहिल्या का? हे ऑपरेशन जिगरच्या सर्जनकडे व्हायला हवे का?

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात सुरुवातीची तपासणी करून घ्या आणि पुढच्या इलाजासाठी चिठ्ठी मागा. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, भायखळ्याचे जेजे, तिन्ही आपल्या मध्य रेल्वेच्या वाटेवरच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आपला इलाज योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

काविळीला माळ घालणे, झाडपाला देणे यात दिवस घालवू नका. दुआ जरूर करा, इलाज करून घेणे हीही आपल्या नबींची (स.) शिकवण आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कावीळ आणि हुडहुडीचा ताप, किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, त्याच रात्री रुग्णालय गाठा.

अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो. आमीन.