इंग्रजी शब्दाचे डोके आधी पाहा



आमच्या कांदिवली पूर्वेच्या विहारात रविवारी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. मागच्या रविवारी दहावीतल्या एका मुलीने आपली वही आमच्यापुढे ठेवली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी एकवीस पाने तिने भरली होती. "सर, रोज दहा शब्द पाठ करते आणि आठवड्याने आठ विसरते," असे सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. आम्ही पाने चाळली. पॉसिबल दुसऱ्या पानावर, तर इम्पॉसिबल नवव्या पानावर. लीगल पाचव्या पानावर, इल्लीगल सतराव्या. एकाच घरची माणसे, पण पोरीने त्यांना वेगवेगळ्या चाळींत राहायला पाठवले होते. मग ती लक्षात कशी राहणार?

त्या वहीत प्रीपेड हा शब्द मात्र नव्हता. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "तो येतोच की सर, मोबाइलचा." मग पोस्टपेड? तोही येतो. रिचार्ज, रिफंड, अनलॉक, अनलिमिटेड, डिसकनेक्ट? सगळे येतात. म्हणजे प्री म्हणजे आधी, पोस्ट म्हणजे नंतर, री म्हणजे पुन्हा किंवा परत, आणि अन व डिस म्हणजे उलट किंवा नाही, एवढे व्याकरण तिला कोणी न शिकवताच आले होते. आले आहे, हे फक्त तिला ठाऊक नव्हते.

शब्दाच्या डोक्यावर बसणाऱ्या या तुकड्यांना मराठी व्याकरणात उपसर्ग म्हणतात. शाळेत आपण सर्वांनी घोकले आहे: आहार, विहार, प्रहार, उपहार, संहार. शेपूट तेच, डोके बदलले की अर्थ बदलतो. व्यवहारातही आपण उपसर्ग वापरतो. गैरहजर, नापास, बेरोजगार, बिनपगारी. आपण राहतो तो मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला, त्या उपनगरातला उप आणि सबअर्बन लोकलमधला सब हे एकमेकांच्या जोडीचे. अर्ब हा लॅटिनमधला शहराचा शब्द आहे. त्याच सबने सबवे होतो, आणि चौकीतला उपनिरीक्षक सबइन्स्पेक्टर होतो.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर पंचशील घ्या. दुसऱ्या शीलातला अदिन्नादाना हा शब्द लहान मुलेही न अडखळता म्हणतात. दिन्न म्हणजे दिलेले, अदिन्न म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. पालीतला हा अ आणि इंग्रजीतले अन व इन हे फार जुन्या काळच्या एकाच मुळापासून फुटलेले भाऊ आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. ग्रीक भाषेतून इंग्रजीत गेलेला ॲन हाही त्यांचाच. आपल्या आयाबहिणींच्या केसपेपरवर वारंवार दिसणारा ॲनिमिया म्हणजे ॲन अधिक रक्त, रक्त नसणे. तेव्हा इंग्रजी परकी आहे म्हणून बिचकायचे काही कारण नाही.

त्या मुलीच्या वहीत आम्ही एक कोरे पान उघडले आणि मधोमध प्रेस असे लिहिले. प्रेस म्हणजे दाबणे, हे इस्त्रीवाल्या भैयालाही कळते. मग भोवती नातेवाईक बसवले. एक्स म्हणजे बाहेर. एक्सप्रेस म्हणजे मनातले बाहेर दाबून काढणे, व्यक्त करणे. इन म्हणजे आत. इम्प्रेस म्हणजे आत दाबणे, म्हणजेच छाप पाडणे. मराठी आणि इंग्रजी दोघींनाही इथे तीच कल्पना सुचली आहे. कॉम म्हणजे एकत्र. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये वायू एकत्र दाबला जातो. सब म्हणजे खाली, इथे त्याचा सप झाला. सप्रेस म्हणजे दडपणे. आणि डी म्हणजे खाली. डिप्रेस म्हणजे खाली दाबणे.

इथे आम्ही थांबलो, कारण हा शब्द आपल्या इतिहासातला आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जे मिशन काढले त्याच्या नावात डिप्रेस्ड क्लासेस हेच शब्द होते, आणि पुढे कित्येक वर्षे सरकारी कागदांत आपल्या लोकांसाठी तेच वापरले जात. आजकाल डिप्रेशन म्हटले की मुलांना मनाचा आजार आठवतो. पण शब्द फोडला की दिसते, की खाली दाबलेले म्हटले म्हणजे दाबणारा कोणीतरी आहे. तसाच अनटचेबल. घटनेच्या सतराव्या कलमात अनटचेबिलिटी नष्ट केली आहे. तो लांबलचक शब्द फळ्यावर फोडून दाखवला: अन, टच, एबल, इटी. नातवाला सोडायला आलेल्या एक आजी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "टच तर मलाबी कळतंय, मोबाइलला टचच म्हनत्यात." एबल म्हणजे जोगे. न शिवण्याजोगे, आणि इटीने त्याचे पण झाले. आजींनी मान हलवली, पुढे काही बोलल्या नाहीत.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही बी.कॉम. आहोत, पोटासाठी कारकुनी करतो. कॉलेजात डिप्रिसिएशन म्हणजे घसारा हे आम्ही नुसते पाठ केले होते. डी म्हणजे खाली आणि मधला तुकडा किमतीचा, म्हणजे किंमत खाली जाणे, हे नोकरीला लागून दहा वर्षांनी समजले. तेव्हा आम्हीही त्या मुलीसारखेच पाठांतरवाले. पण अंगावर काटा आणणारा शब्द आम्हाला शिकवला तो वस्तीतल्या एका दादांनी.

२०१६ सालचा मार्च महिना होता. दादा एका कारखान्यात हेल्पर होते. तिथे स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले होते, दोन पाने, सगळी इंग्रजीत. दादा तो कागद घेऊन आमच्या घरी आले. ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब चालू होते, आम्ही रात्री नऊला पोहोचत होतो. "रविवारी निवांत बघू," असे आम्ही म्हटले. मुदत शुक्रवारी संपत होती, हे त्यांनी संकोचाने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यांनी सही करून दिली. पुढच्या आठवड्यात वहिनींनी हिशेब मांडला: मुलीची बारावी, मुलाची फी, खोलीचे हप्ते. दोघांनी ठरवले की अर्ज मागे घ्यायचा. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. समोरच्या साहेबांनी अर्ज काढला आणि एका शब्दाखाली पेनाचे टोक ठेवले. शब्द होता इर्रिव्होकेबल.

व्होक म्हणजे बोलावणे. रिव्होक म्हणजे परत बोलावणे. एबल म्हणजे जोगे. आणि डोक्यावर इर, म्हणजे नाही. परत बोलावता न येण्याजोगे. आम्ही विनंतीपत्र दिले, दोन खेपा घातल्या, अर्ज परत मिळाला नाही. येताना रिक्षात दादा म्हणाले, "तो शब्द दिसला होता हो मला. पण मोठा होता, म्हणून सोडून दिला."

दादांना री येत होता, एबलही येत होता. आम्ही त्या रात्री दहा मिनिटे काढली असती तर पुरे होते. रविवारचा वर्ग आम्ही त्याच वर्षी जूनमध्ये सुरू केला.

त्या शब्दातला इर म्हणजे मुळात इनच. इन जरा मवाळ स्वभावाचा आहे, शेजारी पाहून बोलतो. पुढे प, ब, म आले की तो इम होतो: इम्पॉसिबल, इम्मॅच्युअर. ल आला की इल, र आला की इर. म्हणून इल्लीगलच्या स्पेलिंगमध्ये एल दोनदा येतो आणि इर्रेग्युलरमध्ये आर दोनदा. एक उपसर्गाचा, एक मूळ शब्दाचा. याच हिशेबाने डिसअपिअरमध्ये एस एकच आणि अननेसेसरीत सुरुवातीला एन दोन. दरवर्षी मुलांचे मार्क इथे जातात. मात्र कोणत्या शब्दाला अन लावायचा आणि कोणत्याला इन, याला पक्का नियम नाही. आपणही नापास म्हणतो, बेपास म्हणत नाही. ते वाचूनच अंगवळणी पडते.

काही ठिकाणी हे उपसर्ग फसवतात. हायवेवर टँकरच्या मागे हायली इन्फ्लेमेबल असे लिहिलेले असते. आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने लगेच अर्थ लावला, "न पेटणारा." नेमके उलटे आहे. इथला इन नाहीचा नसून आतचा आहे. शब्दाचा अर्थ झटकन पेट घेणारा. असल्या टँकरजवळ बिडी ओढणारी माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हा शब्द घरी सर्वांना सांगावा.

दुसरी फसगत दवाखान्यातली. कुत्रा चावला की अँटी रेबीजची सुई घ्यावी लागते, तिथला अँटी म्हणजे विरुद्ध. गरोदर बाईच्या तपासणीला एएनसी म्हणतात, तिथला ए म्हणजे अँटीनेटल, पण हा अँटी वेगळा. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ई आहे, आय नाही, आणि अर्थ आहे आधी. बाळंतपणाआधीची काळजी. नंतरची ती पीएनसी, तिथे पुन्हा आपला पोस्ट आला. हायपर आणि हायपो यांतही नीट लक्ष द्यावे. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. घरात साखरेचा रुग्ण असेल तर त्याची साखर वर गेली आहे की खाली, यावर पुढे काय द्यायचे ते ठरते.

वर्ग संपताना एका पोराने आम्हाला कोड्यात टाकले. "सर, री म्हणजे पुन्हा, मग रिपब्लिकन म्हणजे पुन्हा पब्लिकन का?" सगळा वर्ग हसला, आणि मागे बसलेले दोन जुने कार्यकर्ते सर्वांत जास्त हसले, पक्ष पुन्हापुन्हा होतो तेव्हा पोराचे बरोबरच आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. १९५७ साली स्थापन झालेल्या पक्षाच्या नावातला हा री उपसर्ग नव्हे. लॅटिन भाषेत रेस म्हणजे बाब, कारभार. पब्लिका म्हणजे लोकांचा. लोकांचा कारभार, तो रिपब्लिक. रिझर्व्हेशनमध्ये मात्र री खराच आहे, पण तिथे अर्थ मागे असा: मागे राखून ठेवणे, म्हणून राखीव. आपल्याकडेही अशा फसगती आहेत. पाचव्या शीलातल्या सुरामेरयमधला सु हा सुपुत्रातला चांगला सु नव्हे, याची नोंद संबंधितांनी घ्यावी!

त्या मुलीला आम्ही नवी वही करायला सांगितले आहे. एका पानावर एकच घर. मधोमध मूळ शब्द, भोवती त्याचे नातेवाईक, जसजसे भेटतील तसतसे. पहिले पान प्रेसचे झाले. दुसरे पान पोर्टचे, पोर्ट म्हणजे वाहून नेणे. इम्पोर्ट म्हणजे आयात, एक्सपोर्ट म्हणजे निर्यात, एवढे आम्ही दिले. ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट आणि डिपोर्ट हे चार शब्द तिने घरी फोडून आणायचे आहेत. वाचकांच्या घरातल्या मुलांनीही ते फोडून पाहावेत. मदतीसाठी एवढेच सांगतो, की ट्रान्स म्हणजे पलीकडे, आणि सपोर्टमधला सप आपल्याला प्रेसच्या पानावर भेटलेला आहे.