शब्दांना खोटी कुळी चिकटवू नका

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या पोराला 'हिपॅटायटिस' विचारा. ग्रीकमध्ये हेपार म्हणजे यकृत, हे तो झोपेतून उठवला तरी सांगेल. त्यालाच विचारा, तुझ्या बापाची जमीन रस्त्यात गेली तेव्हा जो पैसा मिळाला त्याला 'मावेजा' का म्हणतात, आणि तो रस्ता करणारा 'गुत्तेदार' का? पोरगं गप्प. पुढे पुण्याला गेला की हे दोन्ही शब्द तो टाकूनच देतो, कारण तिकडे गुत्ता म्हणजे दारूचा अड्डा आणि लोक हसतात. मला त्या पोराचा राग येत नाही. ज्यांनी त्याला मराठी शिकवली आणि असल्या शब्दांखाली 'अशुद्ध' म्हणून लाल रेघ ओढली, त्यांचा येतो.

गुत्ता हा तेलुगू-कानडी शब्द आहे, अर्थ मक्ता. कानडीत आजही गुत्तिगे म्हणतात. दारू विकण्याचा मक्ता दिला जाई, म्हणून दुकानालाच गुत्ता हे नाव पडले. मूळ अर्थ आम्ही सांभाळला, त्याला फारसी 'दार' जोडला आणि गुत्तेदार केला. मावेजा अरबी. ज्या 'इवज'पासून तो झाला, त्यातूनच 'ऐवजी' आला आहे. नांदेडच्या मावेजाला हसणारा माणूस 'याच्याऐवजी ते द्या' असे दुकानात रोज म्हणतो आणि आपण अरबीच बोलतोय याचा त्याला पत्ता नसतो.

इंग्रजांकडून आपण त्यांची भाषा घेतली, तिची शिस्त घेतली नाही. मुंगसाला ते मंगूस म्हणतात आणि तो शब्द मराठीतून आला हे त्यांच्या कोशात लिहून ठेवलेले आहे. घुशीला बँडिकूट म्हणतात; तो तेलुगू पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. धर्माबादच्या पलीकडे बोलला जाणारा हा शब्द पार ऑस्ट्रेलियात पोचला आणि तिथल्या एका वेगळ्याच प्राण्याला चिकटला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी अशा शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अख्खा कोश 1886 साली छापला. त्यात राज्यकर्त्यांची मग्रुरी आहे, ती मला चीड आणते. पण शब्द कोणत्या सालच्या कोणत्या कागदात आला, ते उताऱ्यासकट दिलेले आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा संकल्प 1857 साली झाला, काम 1928 साली पुरे झाले. साध्या वाचकांनी चिठ्ठीवर शब्द, वाक्य, पुस्तक, साल लिहून पाठवायचे. अशा लाखो चिठ्ठ्या जमल्या. एक पिढी मेली, दुसरीने काम पुढे नेले.

त्याच 1857 साली मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पुढे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून आला, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश 1946 ला, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 ला. या माणसांपुढे मी मान वाकवतो. मराठवाड्याच्या तोंडचे शब्द तितक्याच निष्ठेने टिपायचे काम मात्र आपले होते. आपण काय केले? खोटी कुळी रचली.

कोणत्याही सत्कार समारंभाला जा. लातूर म्हणजे रत्नापूर, असे वक्ता छाती फुगवून सांगतो. अहो, राष्ट्रकूट राजे नवव्या शतकातल्या आपल्या लेखांत स्वतःला लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेतात! ऊर म्हणजे गाव, हा द्रविड शब्द आजही शहराच्या नावात बसलेला आहे. आपल्या नावात कानडी निघते याची कसली लाज? नांदेडचेही तेच. नंदीच्या तपाची कथा सगळ्यांना पाठ. वाशीमला सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात 'नांदीकड' आहे आणि संशोधक ते नांदेडच मानतात, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि म्हणून दिसेल त्या 'ऊर'ला कानडी ठरवून मोकळे होणारेही तितकेच दोषी. माहूर घ्या. महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत ते मातापूर आहे. तिथे पूरचाच ऊर झाला. पुरावा बघितल्याशिवाय बोलू नये, एवढेच यात शिकायचे असते.

सगळ्यात जास्त छळ येळवशीचा झाला. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर जिल्हा शेतात जातो, कडब्याची कोपी उभी राहते, भज्जी-आंबील होते, शहरात चिटपाखरू दिसत नाही. लोक म्हणतात येळवस. छापील कागदावर मात्र तिची 'वेळ अमावास्या' केली, जणू आमच्या जिभेला व म्हणता येत नाही. मग कोणीतरी शोध लावला की कानडीत सात म्हणजे येळ, म्हणून ही सातवी अमावास्या; आणि दर वर्षी तेच छापून येते. कानडीत सात म्हणजे एळु, ए लांब. एळ्ळु म्हणजे तीळ. आणि बिदर-कलबुर्गीकडे याच दिवशी, असाच शेतात जेवून होणारा सण 'एळ्ळ अमावास्ये' या नावाने चालतो. उदगीरहून बिदर किती लांब आहे? तिथे जाऊन एका शेतकरी बाईला कोणी विचारले असते तर तिने सांगितले असते.

हे नुसते हौसेचे प्रकरण नाही. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. आपल्याच आजोबांचा कागद आपल्याला वाचता येत नव्हता. मदतमाश जमिनीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या लढणाऱ्या घरांत 'मआश' म्हणजे उपजीविका, ती चालावी म्हणून दिलेली जमीन, हे सांगायला कोणी नाही. शब्दच कळला नाही तर हक्क काय कळणार?

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. नांदेडला 1994 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याच्या मराठी विभागाने पहाणी पत्रके, इनामाच्या सनदा आणि मोंढ्यातल्या जुन्या वह्या उघडाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याने शब्द, वाक्य, गाव आणि साल चिठ्ठीवर उतरवावे. देगलूर-उदगिरात उर्दू वाचणारी वडीलधारी माणसे आहेत, सीमेवर घरात कानडी-तेलुगू बोलणारी आहेत. त्यांना मानधन देऊन मानाने बोलवा, आणि याच वर्षी बोलवा.