सन १८१८ नसते तर कोणाचे काय वाचले असते?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या उंब्रज भागात एक व्याख्यान झाले. वक्ते शहरचे, वाणी रसाळ, टाळ्या पुष्कळ. विषय असा की, सन १८१७-१८ चे इंग्रज-मराठा युद्ध झालेच नसते तर आज आपण कोठे असतो! वक्तेमहाशयांनी तासाभरात पुण्यापासून अटकेपर्यंत पुन्हा झेंडे नाचविले. आगगाड्या आमच्या, गिरण्या आमच्या, आरमारही आमचेच! सभा उठल्यावर आमच्या शाळेतील सातवीतला एक पोरगा जवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, त्या राज्यात आपण कोण असतो?”

वाचकहो, तासाभराच्या व्याख्यानात जे निघाले नाही ते या पोराने एका वाक्यात काढले. त्याचे उत्तर देणे हे आम्हां मास्तर लोकांचे काम आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे पाहू की, युद्धाने जे गेले म्हणतात ते युद्धापूर्वी होते काय? ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह करून इंग्रजांची कवायती फौज आपल्या उशाशी आणून ठेवली, तिच्या खर्चास २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलणे इंग्रजांच्या सल्ल्याखेरीज करणार नाही असे कबूल केले. म्हणजे खडकीची तोफ ५ नोव्हेंबर १८१७ रोजी धडाडली खरी, पण घर त्याआधी पंधरा वर्षे गहाण पडले होते. गहाण घरातल्या भांडणाला ‘स्वराज्य बुडाले’ म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

बरे, ज्यांचे नाव घेऊन हे राज्य चालले त्या छत्रपतींची दशा काय होती? सन १७५० च्या सांगोल्याच्या करारापासून सारी सत्ता पुण्यास गेली आणि सातारच्या गादीस मुजरे तेवढे उरले. सन १८१७-१८ च्या धामधुमीत तर छत्रपतींचे घराणे कोयनेच्या खोऱ्यातील वासोट्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले, आणि प्रतापसिंह महाराजांस बाजीरावाने आपल्या लष्कराबरोबर गावोगाव फिरविले. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीस बापू गोखले लढून पडले. त्या वीरास आमचा मुजरा आहे. पण ज्यासाठी ते पडले तो धनी रण सोडून निघून गेला, आणि महाराज इंग्रजांच्या हाती लागले. धन्याने चाकरास कोंडावे हे जगात दिसते. चाकराने धन्यास कोंडून वर ‘स्वामिनिष्ठा’ सांगावी हे मात्र येथेच!

आता रयतेकडे वळू. बाजीरावाच्या अमलात मामलती इजाऱ्याने, म्हणजे चढ्या बोलीने दिल्या जात. ज्याने बोली जास्त केली त्याने ती रक्कम मामलेदारीच्या मुदतीत कुणब्याच्या अंगातून काढावयाची, आणि दाद मागावी तर दाद देणाराही तोच. पीक बुडो वा येवो, बोली बुडता कामा नये. उलट पुण्यास श्रावणात दक्षिणेच्या राशी वाटल्या जात. त्या राशीतला पैसा कोणाच्या नांगराखालून आला हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

हा बाजीराव सन १८१८ त मेला नाही. सालिना आठ लाखांचे पेन्शन घेऊन तो बिठूरास राहिला आणि सन १८५१ त वारला. तेव्हा युद्ध झाले नसते तर काय झाले असते, याचा पहिला हिशोब सोपा आहे. तोच धनी, तोच इजारा, तीच दक्षिणा, आणखी तेहतीस वर्षे!

वक्ते म्हणतील, “पुढे सुधारणा झाली असती.” ठीक. मग असे राज्य दाखवा की ज्याने त्या वेळी इंग्रजांशी युद्ध केले नाही. अशी राज्ये आमच्या दोन्ही बाजूंस होती, कल्पना कशास हवी? पूर्वेस निजाम. त्याने इंग्रजांशी तह केला तो पाळला. गादी सन १९४८ पर्यंत टिकली. आणि मराठवाड्यातील मराठी रयतेच्या पोरास काय मिळाले? सन १९१८ त विद्यापीठ निघाले तेही उर्दूतून शिकविणारे. दक्षिणेस कोल्हापूर. त्या दरबाराने सन १८१२ त इंग्रजांशी तह केला आणि सन १८१७-१८ त पेशव्याची बाजू घेतली नाही. गादी शाबूत राहिली, छत्रपती भोसले कुळातलेच राहिले. वक्त्यांच्या स्वप्नातले राज्य याहून वेगळे ते काय? पण सन १८९४ त शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ अंमलदारांपैकी ६० एकाच जातीचे होते! पाऊणशे वर्षे झेंडा उतरला नव्हता, तरी कुणब्याचा पोर कचेरीच्या उंबऱ्याबाहेरच उभा होता.

तो उंबरा कशाने ओलांडला? वसतिगृहांनी. सन १९०२ च्या, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्यांस देण्याच्या हुकुमाने. सन १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाने. युद्ध टळल्याने नव्हे!

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे. आमच्यातील काहीजण छाती पुढे काढून म्हणतात, “इंग्रज जिंकले म्हणूनच आपण शिकलो.” बंधूंनो, ही उपकाराची पावती इतक्या घाईने फाडू नका. पुणे घेताच इंग्रजांनी दक्षिणेचा पैसा रयतेच्या शाळांस दिला काय? नाही. सन १८२१ त त्यातून पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. धनी बदलला, पंगत तीच! ज्या प्रतापसिंह महाराजांस त्यांनी सन १८१८ त गादीवर बसविले, ज्यांनी सातारला रस्ते, पाणी आणि शाळा दिली, त्यांसच सन १८३९ त पदच्युत करून काशीस धाडले आणि सन १८४८ त राज्य गिळले. सन १८७५ त सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराच्या वह्या जाळल्या त्या काही आनंदाने नव्हेत.

जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले हे खरे. पण सन १८४८ त पुण्यात मुलींची शाळा काढली ती जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी, लाटसाहेबांनी नव्हे. एकाचे मूळ आमच्या जिल्ह्यातील कटगुण, दुसरीचे माहेर नायगाव. आणि सन १८८२ त हंटर कमिशनपुढे जोतीरावांनीच सरकारास ऐकविले की, पैसा रयतेचा घेता आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळता. आधी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. असे जो बोलतो तो उपकाराचे ओझे वाहणारा नव्हे, हिशोब मागणारा होय.

आमचे भांडण कोणत्या जातीत जन्मला त्या माणसाशी नाही, हेही येथेच नोंदवितो. औंधचे पंतप्रतिनिधी ब्राह्मण होते. त्यांनी सन १९३९ त आपल्या हाताने कारभार प्रजेच्या हाती दिला. त्यांचे नाव आम्ही आदराने घेतो. भांडण आहे ते राज्य म्हणजे झेंडा व सिंहासन असे पोरांस शिकविणाऱ्या विद्येशी.

तेव्हा पोरा, तुझे उत्तर ऐक. त्या राज्यात आपण बहुधा तेच असतो जे होतो: नांगर धरणारे, बोलीची भरपाई करणारे, आणि सही येत नाही म्हणून अंगठा उठविणारे. हे बदलले ते खडकीच्या माळावर नव्हे. ते बदलले ७ नोव्हेंबर १९०० रोजी, सातारच्या शाळेच्या पटावर भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला तेव्हा. ते बदलले सन १९१९ त आपल्याच कराड तालुक्यातील काले गावी, कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि आयाबायांनी तिच्यासाठी मुठीमुठीने धान्य बाजूला टाकले तेव्हा.

जोतीरावांनी सन १८८२ त मागितलेला हक्क कायद्याने मिळावयास सन २००९ उजाडले. १२७ वर्षे! आणि सन २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळेत मिळवून घेण्याचा विचार सरकारातून पुढे आला. तारळी खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर वीस पोरे आणावीत कोठून? शाळा चार मैल लांब गेली की पहिली घरी बसते ती पोरगी. हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. पटावरच्या नावापुढे गैरहजेरी मांडताना आमचा हात आखडला आहे.

त्या गणेशोत्सवात युद्धाच्या ‘जर-तर’साठी मांडव भरला होता. त्याच पंधरवड्यात शाळेच्या पालकसभेस नऊजण आले होते. बांधवांनो, दोनशे वर्षांमागे कोणाचे काय वाचले असते याचा घोर सोडा. आज आपल्या वाडीची शाळा वाचते की नाही ते पाहा. पुढच्या सभेस या, आणि येताना शेजाऱ्यास घेऊन या.