गाडी वारंवार का तापते?

गेल्या मे महिन्यातील एक दुपार आम्ही विसरू शकत नाही. गंधवानीपासून आत असलेल्या एका फळियातील भगिनीस प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या होत्या व तिला धारला न्यावयाचे होते. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेली होती, म्हणून अठरा वर्षे वापरलेली आमची जुनी चारचाकी काढावी लागली. निमाडच्या बाजूने धारकडे जाताना विंध्याची चढण लागते. त्या चढणीवर एका लादलेल्या ट्रकमागे आमची गाडी रांगत असता प्रथम एसीतून गरम वारा येऊ लागला, मग तापमानाचा काटा तांबड्या रेघेस टेकला, आणि अखेरीस बॉनेटखालून वाफ निघू लागली. “लवकर पाहा रे,” असे आम्हीच म्हणालो. आमच्या तरुण चालकाने घाईघाईने रेडिएटरचे झाकण फिरविले आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या हातावर आला.

मागून आलेल्या एका जीपवाल्याने त्या भगिनीस पुढे नेले. माता व बालक दोघेही सुखरूप आहेत. चालकाचा हात बरा होण्यास मात्र तीन आठवडे लागले.

वाचकहो, हा प्रकार अकस्मात घडला असता तर त्यावर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु हीच गाडी त्यापूर्वी दोन उन्हाळ्यांत चार वेळा अशीच तापली होती. प्रत्येक वेळी आम्ही ती निरनिराळ्या मिस्त्रींकडे नेली. एकाने एसीचा गॅस भरला. दुसऱ्याने रेडिएटर धुतला. तिसऱ्याने पट्टा बदलला. चौथ्याने “आपल्या गरम मुलखात थर्मोस्टॅट हवा कशाला?” असे म्हणून तो काढूनच टाकला. दर वेळी काही दिवस गाडी नीट चाले व आम्ही निर्धास्त होऊ. पुन्हा तापली की आम्ही चालकास विचारीत असू, “अरे, पाणी पाहिले होतेस ना?” तो म्हणे, “पाहिले होते, फादर.” आमचा त्यावर विश्वास बसत नसे.

अखेरीस गाडी धारच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेली. १९४८ पर्यंत धार हे पवारांचे संस्थान होते, व तेव्हापासून तेथे राहिलेली मराठी कुटुंबे आजही घरी मराठीच बोलतात. हे गृहस्थ त्यांपैकीच एक. त्यांनी हाती पाना घेतला नाही. प्रथम विचारले, “फादर, गाडी केव्हा तापते? धावताना, उभी असताना, की चढावर?” आम्हांस नीट सांगता येईना. उत्तर चालकाने दिले: “मोकळ्या रस्त्यावर कधीच नाही. बाजारात उभी राहिली किंवा चढावर हळू चालली, की आधी एसी गरम होतो आणि मग काटा चढतो.”

हे ऐकताच मिस्त्रींनी भर दुपारी गाडी उन्हात उभी केली, एसी लावला, इंजिन चालू ठेवले आणि शेजारी बाकावर बसून राहिले. सुमारे चाळीस मिनिटांनी रेडिएटरचा विजेचा पंखा थांबला. त्याच्या तारेची जोडणी आतून जळून सैल झाली होती. थंड असता ती लागे. तापली की सुटे. गाडी गॅरेजात पोहोचेपर्यंत निवालेली असे, पंखा फिरताना दिसे, आणि म्हणून चारही वेळा त्याच्यावर कोणाचा संशय गेला नाही.

हे कसे घडते ते समजून घेणे उपयुक्त आहे. एसीचा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे असतो. गाडीतील उष्णता तो बाहेर टाकतो, व तीच गरम हवा मागच्या रेडिएटरवर जाते. गाडी वेगात असली तर समोरचा वारा दोघांनाही थंड करतो. वेग मंदावला की सारी भिस्त पंख्यावर. पंखा थांबला तर कंडेन्सरमधील दाब वाढतो, सुरक्षेचे बटण कंप्रेसर बंद करते व गरम वारा येऊ लागतो; थोड्याच वेळात इंजिनही तापते. म्हणजे दोष एक, लक्षणे दोन. आम्ही दोन्ही लक्षणांवर वेगवेगळे पैसे खर्च केले.

मग त्या काढलेल्या थर्मोस्टॅटचे काय? ही पितळेची लहानशी झडप आहे. तिच्या कुपीत मेण असते. साधारण ८२ अंशांच्या सुमारास (प्रत्येक गाडीचा आकडा थोडा निराळा) ते वितळून फुगते, झडप उघडते व इंजिनातील पाणी रेडिएटरकडे वाहू लागते. ती काढल्याने इंजिनास आवश्यक ती ऊब येण्यास फार वेळ लागतो, इंधन अधिक जाते व झीज वाढते. काही इंजिनांत तर पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच फिरत राहतो, आणि चढावर इंजिन उलट अधिकच तापते. थर्मोस्टॅट बिघडला की नाही हे घरीही पाहता येते. तो दोऱ्याने टांगून पातेल्यातील पाण्यात सोडावा, बाजूस थर्मामीटर धरावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला, व थंड होताच मिटला, तर तो निर्दोष समजावा.

मिस्त्रींनी हेही सांगितले की “थर्मोस्टॅट गेला” एवढ्याने भागत नाही, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत दुसरा थर्मोस्टॅट एसीच्या कूलिंग कॉइलजवळ असतो. कॉइल गोठू लागली की कंप्रेसर थांबविणे हे त्याचे काम. तो बिघडला तर कॉइलवर बर्फ धरतो, वारा क्षीण होत जातो. अर्धा तास एसी बंद ठेवला की बर्फ वितळून पाणी ठिबकते व सारे पूर्ववत होते. मात्र हवेची जाळी धुळीने भरली तरीही असेच घडते, म्हणून प्रथम जाळी पाहावी.

आमच्या वाचकांसाठी त्यांची इतर लक्षणेही येथे देतो. इंजिन तापले, परंतु रेडिएटरकडे जाणारी वरची नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असावा. काटा कधी वर येतच नाही, तर तो उघडा अडकला किंवा कोणी काढला आहे. वेगात धावतानाही गाडी तापते, तर रेडिएटर आतून चोंदला आहे का व पाण्याचा पंप चालतो का ते पाहावे. बोअरच्या जड पाण्याने हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. म्हणून शुद्ध पाण्यात कालविलेला कूलंटच वापरावा. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, तर तो कोठेतरी गळत आहे. गळती शोधल्यावाचून गॅस भरणे व्यर्थ. बाहेर गळती नसता पाणी कमी होते व तेल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी व गाडी चालवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतील पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो व पाणी वाफ होऊन उसळते. गाडी तापल्यास एसी बंद करावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकणास हात लावू नये, मग घाई कितीही असो. ट्रॅक्टर चालविणाऱ्या आमच्या तरुणांनीही हे ध्यानी ठेवावे.

जोडणी नवी बसविण्याचा खर्च आजवर झालेल्या खर्चापुढे अगदीच किरकोळ ठरला. थर्मोस्टॅटही पुन्हा बसविला. परतताना आम्ही चालकाची क्षमा मागितली. पाणी त्याने खरोखरच पाहिले होते. गाडी केव्हा तापते हेही त्यालाच ठाऊक होते, आणि चार वेळांत आम्ही ते त्यास एकदाही विचारले नव्हते. आता गाडीच्या खणात एक वही असते. गाडी केव्हा, कोठे व कशी बिघडली ते तो लिहितो, आणि मिस्त्रीकडे जाताना वही बरोबर नेतो.